सात सूत

ग्रुपवर सगळे वाडे, गणपती, शाळा आणि आजीच्या हातची आमटी यावर लिहितात. मी सायकलच्या हँडलवर लिहितोय. हँडल किती रुंद असावं आणि ते कशात मोजावं, एवढाच विषय आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं जरा लांबण लागणार आहे.

गेल्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला, पण गुडघे नको म्हणाले, म्हणून सायकल घेतली. आमच्या बेळगावात आता गियरच्या सायकली किराणा मालासारख्या मिळतात. दुकानातल्या पोरानं एक सरळ हँडलची दाखवली आणि म्हणाला, "काका, ही घ्या, सहाशेऐंशीचा बार आहे, एकदम कंट्रोल." मला वाटलं सहाशेऐंशी रुपयांचा. मग कळलं की ते मिलिमीटर. मान डोलावली आणि घेऊन आलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुकानात प्रश्न विचारायची लाज वाटते, हे तुम्हालाही माहीत असेल.

रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोपर्यंत जायचं, दोन चकरा मारायच्या आणि परत शहापूर. पंधरा दिवसांत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. चहाचा कप धरला तरी जाणवायचं नाही. मानेतही कळ. बायको म्हणाली, साखरेचंच असेल. मी घाबरलो आणि पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. तो तिकडं सुट्टीच्या दिवशी शंभर-शंभर किलोमीटर सायकल मारतो, त्याला यातलं कळतं.

त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दादा, हँडल किती आहे?"

"सहाशेऐंशी."

"आणि तुझा खांदा?"

गप्प बसलो. हा प्रश्न मला यापूर्वी एकदाच कुणीतरी विचारला होता, १९८६ साली.

आमच्या घरात तेव्हा कुणाचंच माप कुणाशी जुळत नव्हतं. आजी विती-बोटांत मोजायची. आई वारात, कारण शहापुरात आमच्या गल्लीत चार घरं सोडून माग चालायचे आणि साडीचा विषय निघाला की नऊवार, पन्हा किती इंच, हेच बोलणं. शाळेत आम्हाला सेंटिमीटर. आणि आप्पा सुतात. आप्पा उद्यमबागेत टर्नर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. हार्डवेअरच्या दुकानात आजही कुणी "तीन सुती बोल्ट द्या" म्हटलं तर मालक न बघता डब्यात हात घालतो.

देशात नवे पैसे आले १९५७ च्या एप्रिलमध्ये आणि मापं दशमान व्हायला लागली पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून. आप्पा त्यानंतर तीनेक वर्षांनी लेथवर उभे राहिले. पण ज्या लेथवर उभे राहिले ती इंचाची होती. तिचा स्क्रू इंचात, आटे इंचात, उस्ताद इंचात. सरकारनं कायदा बदलला तरी लेथचा स्क्रू कोण बदलणार? त्यामुळं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये यायचं आणि आप्पा ते डोक्यात सुतात करून घ्यायचे. आमच्या वहीतल्या गणितात त्यांनी कधी मदत केली नाही, पण ४४ मिलिमीटर म्हणजे पावणेदोन इंचाला जरा कमी, हे त्यांना चहा पिता पिता सांगता यायचं.

तर १९८६. मी पंधरा वर्षांचा. आप्पांची काळी चोवीस इंची सायकल होती, रॉडच्या ब्रेकची, मागं वळलेल्या शिंगांच्या हँडलची. आप्पांनी स्वतःसाठी दुसरी जुनी घेतली आणि ही मला दिली. मला ते वळलेलं हँडल नको होतं. दूधवाल्याचं वाटायचं. गल्लीतल्या दोन पोरांकडं सरळ हँडलच्या सायकली होत्या आणि ते हात पसरून, छाती काढून चालवायचे.

आप्पांकडं हट्ट धरला. त्यांना पटलं नव्हतं, पण एका रविवारी त्यांनी मला पडवीत भिंतीला पाठ लावून उभं केलं. गुण्या घेतला, एका खांद्याच्या टोकावरचं हाड बोटानं चाचपलं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली, मग दुसरं. पट्टी लावली. "पंधराला एक सूत कमी," म्हणाले. मग स्वतःची चार बोटं आडवी धरून दाखवली. "खांदा, आणि दोन्ही अंगाला चार-चार बोटं. बास. एकवीसला एक सूत कमी येतंय. एकवीस करतो. वाढालास की तू, ते सूत त्यात जाईल."

आठवड्याभरात हँडल तयार झालं. सात सुती पाईप, म्हणजे पाऊण इंच आणि वर एक सूत. मधे दोन बोल्टचा क्लॅम्प, त्यांनी स्वतः केलेला. रॉडचे ब्रेक काढून वायरचे बसवले. आणि दोन्ही टोकांना बुचं. सागवानी, लेथवर काढलेली, इतकी घट्ट की हातोडीनं ठोकून बसवावी लागली. मी विचारलं, मुठीच्या आत जाणार, दिसणार पण नाहीत, मग कशाला? ते म्हणाले, "उघडी नळी ठेवायची नसते." एवढंच. आप्पा कारणं सांगत बसायचे नाहीत, त्यांच्या खात्यात कुणी कारणं विचारतही नसावं.

दोन महिने मी खूश होतो. मग नव्हतो. एकवीस इंच हँडलवर हात काही पसरत नाहीत, छाती काही निघत नाही. पोरं म्हणायची, हे हँडल आहे की लाटणं? क्लॅम्प दोन बोल्टचा होता, काढायला पाच मिनिटं. मी भंगारवाल्याकडून सात सुती पाईपचा तुकडा आणला. लांबी किती घ्यायची ते कसं ठरवलं माहीत आहे? सायकलचं चाक अठ्ठावीसचं, म्हणून हँडलही अठ्ठावीस. मला त्यात फार अक्कल वाटली होती. शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन मोजलं, म्हणजे एकाहत्तर सेंटिमीटर, हॅक्सॉनं कापलं, कानस मारली नाही. टोकांवर दुकानातली रंगीत टेप गुंडाळली आणि वर मुठी चढवल्या. डावी मूठ सैल होती, उन्हात निघून यायची. बुचं जुन्या हँडलमध्येच राहिली. आप्पा कामाला जाईपर्यंत जुनं हँडल, शाळेतून आल्यावर नवं, परत रात्री जुनं. हे महिनाभर चाललं.

रुंद हँडलची सवय डोळ्यांना व्हावी लागते, हे मला आज कळतं. माणूस सायकल जिथून घालतो तिथं तो आपला खांदा बघतो, हँडलचं टोक बघत नाही. एकवीसच्या हँडलवर मी आमच्या गल्लीतून डोळे मिटून जायचो. अठ्ठावीसवर प्रत्येक बाजूला साडेतीन इंच जास्त, म्हणजे मूठभर. दसऱ्याच्या आधी दोन दिवस, संध्याकाळी, धाकट्याला पुढं दांडीवर बसवून मी दिवाणखान्यातून चालल्यासारखा गल्लीतून निघालो होतो. तो अकरा वर्षांचा. कुणाचीतरी हातगाडी नेहमीच्या जागेपेक्षा जरा पुढं उभी होती. उजवं टोक तिच्या कडेला लागलं. चाक जागच्या जागी आडवं झालं, डावी मूठ कधीच निघालेली होती, आणि धाकटा त्या टोकावर पडला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. नळी मांडीत गेली. कापलेली, कानस न मारलेली नळी म्हणजे पंचच असतो, मोचीकडं कातड्याला भोक पाडायला असतो तसा. रक्त फार नव्हतं, तेच बघून मी जास्त घाबरलो. शेजारच्या काकांनी उचलून दवाखान्यात नेलं. मी मागून पळत गेलो. वाटेत धाकटा त्या काकांच्या खांद्यावरून मला बघून म्हणाला, "दादा, मी चालवत होतो म्हणून सांगणार." मी काही बोललो नाही. नको म्हणालो नाही.

आणि त्यानं तसंच सांगितलं. दादाला न विचारता सायकल घेतली, पडलो. अठ्ठावीसचं हँडल कुणी बसवलं हे मात्र लपण्यासारखं नव्हतं, ते मी कबूल केलं. आई खूप बोलली. आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकवीसचं हँडल परत बसवलं, बोल्ट आवळले आणि कामाला गेले. अठ्ठावीसचं कुठं गेलं ते मी विचारलं नाही. पाय वाचला, तो दोन महिन्यांत पळायला लागला. गल्लीनं आणि घरानं तो विषय सोडला. मी चालवत होतो हे मी कुणाला सांगितलं नाही. आप्पा २००९ साली गेले, तेव्हाही नाही.

आता मापांकडं येतो, कारण फोनवर धाकट्यानं मला जे सांगितलं ते इथल्या बऱ्याच जणांच्या कामाचं आहे. निवृत्त होऊन सायकल घेणारे आपल्यात वाढलेत.

पहिली गोष्ट, दुकानात जी सायकल मिळते तिचं हँडल बहुतेक वेळा उंच, रुंद खांद्याच्या गड्याला पण पुरावं असं येतं. रुंद कापून कमी करता येतं, अरुंद वाढवता येत नाही, म्हणून कंपनीचं काही चुकत नाही. पण आपण ते कधी कापतच नाही. माझे खांदे हाडापासून हाडापर्यंत साडेपंधरा इंच. सहाशेऐंशी म्हणजे पावणेसत्तावीस इंच. इतक्या लांब हात पसरले की मनगट बाहेर मोडतं आणि सगळा भार तळहाताच्या करंगळीकडच्या गादीवर येतो. तिथून जी नस जाते ती दबली की तीच दोन बोटं बधिर होतात. माझी साखर बिचारी निर्दोष होती.

दुसरी गोष्ट, कोण कशात मोजतं ते बघा. डोंगरातल्या आणि सरळ हँडलच्या सायकलींचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात: ६२०, ६८०, ७६०. शर्यतीच्या खाली वळलेल्या हँडलचं सेंटिमीटरमध्ये: ४०, ४२, ४४. आणि त्यातही गंमत अशी की काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात आणि काही, विशेषतः इटलीच्या, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. नळी अडीच सेंटिमीटरला जरा कमी जाडीची, म्हणजे एकाचं बेचाळीस ते दुसऱ्याचं जवळजवळ चाळीस. धाकटा एकदा यातच फसला होता. शहापुरात कापडवाला पन्हा सांगतो तेव्हा गिऱ्हाईक "काठ धरून का?" असं विचारतंच. तोच प्रश्न इथं विचारायचा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. ही जी मिलिमीटरची सायकल म्हणतात ती आतून इंचाचीच आहे. मूठ जिथं बसते त्या नळीची जाडी कंपनी २२.२ मिलिमीटर लिहिते. ते आहेत सात सूत. क्लॅम्पपाशी जुन्या हँडलची जाडी २५.४, म्हणजे एक इंच. आजकालच्या जाड हँडलची ३१.८, म्हणजे सव्वा इंच. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, जगभर. पायडलचे आटे साडेचार सुती. आणि ज्या चाकाला सातशेचं म्हणतात त्याच्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास भरतो ६२२ मिलिमीटर, सातशे कुठंच नाही. आप्पांना हे सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते. ते हसायचे कमी, पण यावर हसले असते.

तर फोनवर ठरलं की गणपतीला धाकटा येईल तेव्हा हँडल कापायचं. तोपर्यंत त्यानं मला एक उपाय सांगितला, तोही लिहून ठेवा. लगेच करवत घ्यायची नाही. मुठी, ब्रेक आणि गियरचे लिव्हर दोन्हीकडून बोटभर आत सरकवायचे आणि आठवडाभर तसं चालवायचं. बरं वाटलं तर आणखी थोडं. जिथं हात आपोआप पडतो ते माप. मी तसं केलं. चौथ्या दिवशी करंगळीला चहाचा कप लागला.

गणपतीत, दीड दिवसाचा आमचा विसर्जित झाला आणि दुपारी आम्ही दोघं पडवीत बसलो. मी आप्पांचा हिशेब मांडला: खांदा साडेपंधरा, आणि दोन्ही अंगाला चार-चार बोटं, साडेएकवीस. धाकटा हसला. "दादा, साडेएकवीसमध्ये ब्रेक, गियर आणि मुठी बसणार कुठं? शिवाय ते आपल्या गल्लीसाठीचं माप होतं." तो खोटं बोलत नव्हता. अरुंद हँडल गर्दीतून पटकन निघतं पण चाक पटकन वळतं पण, नवख्याला हलकं लागतं. रुंद हँडलवर चाक शांत राहतं, खड्ड्यात हात सुटत नाही, छाती मोकळी राहते. त्याला सहाशेचाळीस हवं होतं, मला सहाशे. सहाशेवीसवर तडजोड झाली. दोन्हीकडून तीस-तीस मिलिमीटर.

पट्टी हवी होती. आप्पांची फूटभर लोखंडी पट्टी, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिलिमीटर, ती माळ्यावर त्यांच्या पेटीत असणार म्हणून मी वर चढलो. पेटीमागं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. ओढलं तर ते अठ्ठावीसचं हँडल.

खाली आणून गोणपाट सोडलं. दोघंही बघत राहिलो. गंज फारसा नव्हता, ग्रीस लावून ठेवलं होतं. दोन्ही टोकांना कानस मारलेली, कडा गोल केलेल्या. आणि दोन्ही टोकांत सागवानी बुचं. जे हँडल परत कधी कुठल्याच सायकलला बसणार नव्हतं, त्याला.

धाकट्यानं बुचावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आप्पांना माहीत होतं."

"काय?"

"तू चालवत होतास ते. टाके घातले त्या रात्री आई घरी गेली होती, तेच बसले होते माझ्याजवळ. मला म्हणाले, पुढं बसला होतास की मागं? मी म्हटलं, मीच चालवत होतो. तर म्हणाले, चोवीस इंची सायकल हाय ती, तुझे पाय अजून पायडलला पुरत न्हाईत. मग म्हणाले, झोप."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यांनीच सांगितलं होतं, त्याला सांगू नकोस म्हणून."

मी हिशेब करत होतो. १९८६ ते २००९. तेवीस वर्षं. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ एकाच ताटाशेजारी जेवलो, माझं लग्न झालं, नोकरी लागली, त्यांचं आजारपण झालं. शेवटच्या दोन महिन्यांत तर रात्री मीच त्यांच्याजवळ असायचो. किती वेळा तोंडाशी आलं होतं. मला वाटायचं, आता या वयात त्यांना कशाला त्रास. ते काय समजत असतील, वाट बघत असतील का, हे आता कुणाला विचारणार?

धाकट्यानं तेवढ्यात पँट वर करून वण दाखवला. मी तो पूर्वी कधी नीट बघितला नव्हता, नजर चुकवायचो. गोल आहे, पांढरट. त्यानंच पट्टी उचलून लावली. "इंचाला जरा जास्त आहे बघ. सात सुतांचा होता. माझ्याबरोबर वाढला."

मग आम्ही कापायला बसलो. त्यानं धरलं, मी हॅक्सॉ चालवला. ॲल्युमिनियम मऊ असतं, दहा मिनिटांत दोन्ही तुकडे पडले. मी कानस मारायला घेतली आणि बराच वेळ मारत राहिलो. तो म्हणाला, बास की आता, आरसा करालास काय? मी आतल्या कडेला पण मारली. सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात हँडलची टोकं झाकलेली हवीत आणि झाकण सहज निघता कामा नये अशी अटच आहे, असं त्यानं सांगितलं. त्याच्या खिशात प्लास्टिकची काळी बुचं होती, पुण्याहून आठवणीनं आणलेली. एक त्यानं बसवलं, एक मी. मी माझं ओढून बघितलं, मग त्याचंही ओढून बघितलं.

अठ्ठावीसचं हँडल परत गोणपाटात गुंडाळायच्या आधी त्याच्या बुचालाही मी पक्कड लावून बघितली. हललं नाही.